मोकळा डबा

त्यांना सगळं गाव मास्तर म्हणायचं. शाळेतले नव्हेत, गाडीतले. आमच्याकडं कंडक्टरलाही मास्तरच म्हणतात. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव घेऊन कौतुक केलेलं त्यांना खपायचं नाही, आणि मी जे सांगणार आहे त्यात कौतुकाचा भाग थोडाच आहे.

विट्याच्या पुढं, माणदेशाच्या अंगाला आमचं गाव. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांच्या मागं हिंडलेली. घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. कराडात बीएस्सी केली. हॉस्टेलची मेस परवडणारी नव्हती, म्हणून आई भाकरी-कालवणाचा डबा मुक्कामी गाडीवर द्यायची. मुक्कामी गाडी म्हणजे गावात वस्तीला राहणारी आणि सकाळी सहाला कराडला सुटणारी. तिच्यावर मास्तर. माझ्यासारखी पाच-सहा गावांतली बारा-पंधरा पोरं कराडात शिकत होती, आणि त्या सगळ्यांच्या आया रोज पहाटे गाडीच्या दारात डबे घेऊन उभ्या असायच्या.

ड्रायव्हरच्या पाठीमागची सीट डब्यांची. तिथं माणूस बसवायचा नाही, हा मास्तरांचा कायदा. एकदा गाडी खचाखच भरलेली, आणि कडेपूरला चढलेले एक गुरुजी चिडले.

"डब्यास्नी सीट आणि मी उभा?"

"गुरुजी, तुमी उभं ऱ्हाऊ शकताय. कालवण उभं ऱ्हात न्हाई. सांडतं."

गुरुजींनी तक्रार केली. डेपोतून मेमो आला. मास्तरांनी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. "मला पत्र कोण धाडतंय? ह्ये एवढं एकच आलंया," म्हणून दाखवायचे.

त्यांच्या हातात तिकिटं टोचायचा तो लोखंडी चिमटा कायम. बोलताना तो टिक्-टिक् वाजायचा. राग आला की जोरात, विचारात असले की सावकाश. पुढं मशिनी आल्या आणि चिमट्याचं काम संपलं, तरी त्यांनी तो सोडला नाही. कुणाच्या दारात गेले की कडी वाजवायची नाही, हाक मारायची नाही. टिक्-टिक्. आतनं आवाज यायचा, "या मास्तर."

मी पहिल्या वर्षाला असताना एकदा डबा घासूनपुसून परत द्यायला स्टँडवर गेले. मास्तरांनी तो कानाशी धरून हलवला.

"ह्यात काय हाय?"

"काय न्हाई. धुतलाय."

"मंग चढत न्हाई. मोकळा डबा माज्या गाडीत चढत न्हाई."

"आवं मास्तर, हॉस्टेलात काय असतं घालायला?"

"ते तू बघ, पोरी. तुजी आय डबा उघडून काय बघंल? वारा?"

गाडी सुटायला पाच मिनिटं होती. माझ्या वहीत प्रयोगशाळेतला एक गाळणकागद होता. शाईचे रंग वेगळे करायचा प्रयोग केला होता, त्याच्यावर निळी-जांभळी-पिवळी वर्तुळं उमटली होती. तोच घडी करून डब्यात टाकला. आईला अक्षर येत नाही. तिनं तो कागद चुलीच्या वरच्या भिंतीला पिठाच्या खळीनं चिकटवला. काळा पडलाय, पण अजून आहे. त्या दिवसापासून तीन वर्षं मी डबा मोकळा पाठवला नाही. कधी कॅन्टीनमधली साखर, कधी चिंचेची चार बोटुकं, कधी नुसतं पेपराचं वेळापत्रक. परत गावाला गेले की मास्तर विचारायचे, "काल काय धाडलंवतंस? लय खुळखुळत हुतं."

"एकच डबा मोकळा जातुया," ते म्हणायचे. "पिठल्याचा. त्येच्यात काय घालायचं नसतं."

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडं मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. भाऊबंद, शेजारी पिठलं-भाकरी करून नेतात, समोर बसतात आणि घासभर तरी खायला लावतात. ते भांडं परत देताना मोकळंच द्यायचं. एरवी कुणाचं भांडं मोकळं देऊ नये, आणि त्या दिवशी भरलेलं देऊ नये. पिठलं आम्ही एरवीही खातो, त्यात काही नाही. पण दुसऱ्याच्या घरनं, न सांगता आलेलं पिठलं म्हटलं की माणूस आधी आणणाऱ्याच्या तोंडाकडं बघतं.

मास्तर रिटायर झाले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. एका खोलीचं घर. भंगारातनं गाडीची एक सीट आणून त्यांनी ओसरीला टाकली आणि तिच्यावर खाकी घालून बसायला लागले. सीट दोघांची, पण खिडकीकडची जागा ते कधी घ्यायचे नाहीत. कुणी आलं तर त्याला खिडकीकडं बसवायचे. समोर खिडकी नव्हती, बाळूतात्यांचा उकिरडा होता, ती गोष्ट वेगळी. लग्नात पंगतीला गर्दी झाली की आपण होऊन उठायचे आणि "फुडं सरका, मागं जागा हाय" करत पंगत लावायचे. कुणी आभार मानले की म्हणायचे, "तिकीट काढलंयस का? मंग कसलं आभार?"

पहिल्या लॉकडाऊनला गाड्या बंद झाल्या, तेव्हा तीन दिवस ते त्या सीटवर गप्प बसून होते. "पाऊस झाला, संप झाला, पर आशी रस्त्याला गाडीच न्हाई, आसं बघितलं न्हवतं गड्या," असं चौथ्या दिवशी बोलले.

पण खरं घडलं ते दुसऱ्या लाटेत. मी तेव्हा कराडजवळच्या एका साखर कारखान्यात लॅबला होते. हंगाम संपला आणि गावाकडं आले. आले आणि जे बघितलं ते बघायला नको होतं. गल्लीगल्लीत बंद दारं. एका घरात चौघं आजारी, तर पाणी द्यायला पाचवा नाही. तरणी पोरं गलाईच्या धंद्याला, सोनं-चांदी गाळायला, पार मद्रास-केरळात. घरात म्हातारी-कोतारी. शेजारी दार उघडायला भीत होते, आणि त्यांचंही चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही.

मास्तर एका सकाळी शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीसमोर उभे राहिले. टिक्-टिक्. खोलीत खिचडी शिजवणारी शालनमावशी भांडी घासत होती, शाळा बंद असली तरी.

"शालन, चूल पेटीव. डबं सुरू करायचं."

"कुणाचं डबं?"

"ज्येंचं दार बंद हाय त्येंचं."

एवढंच. मीटिंग नाही, फोटो नाही. प्रत्येक घरानं जमेल ते आणायचं. कुणी जोंधळ्याचं पीठ आणलं, कुणी परसातली वांगी, कुणी नुसतंच जळण. पाच बायका भाकऱ्या थापायच्या. मी यादी करायची, कारण मी शिकलेली. भाकरी मला गोल येत नाही. शालनमावशी म्हणायची, "मॅडम, तुमी लिवा. भाकरीचा नकाशा करू नगा."

मास्तर डबे वाटायचे. ह्या कामाला ते 'फेरी' म्हणत. सकाळची फेरी, सांजची फेरी. डबा दारात ठेवून निघून यायचं नाही, हा त्यांचा नियम. चार हात लांब उभं राहायचं, टिक्-टिक् करायचं, माणूस बाहेर आला की त्याला विचारायचं, "बोला, विट्याची गाडी कराडला कशी जाती?"

माणसानं एका दमात म्हणायचं: विटा, कडेपूर, कडेगाव, सुर्ली घाट, ओगलेवाडी, कराड.

पहिल्यांदा लोक हसले. सत्तरीच्या म्हाताऱ्या बायका मास्तरांना शिव्या घालत थांबे म्हणायच्या. पण जो कराडला एका दमात पोचला, तो घरी राहिला तरी चालायचं. ज्याचा दम घाटात तुटला, त्याला मास्तर म्हणायचे, "गाडी घाटात बंद पडली. चला दवाखान्यात, आजच." बोटाला लावायचं यंत्र गावात एकच होतं, आणि त्याचा सेल गेलेला. मी सायन्सची. मला हे खुळ्यासारखं वाटलं होतं. नंतर बघितलं, घाटात अडकलेल्यांतलं एकही माणूस डॉक्टरांनी परत पाठवलं नाही. सगळी ठेवून घेतली.

दुसरा नियम पिठल्याचा. "डब्यात काय बी द्या. पिठलं द्यायचं न्हाई." ते फक्त मयताच्या घरी जायचं, आणि ते मास्तर स्वतः न्यायचे. भाऊबंद येऊ शकत नव्हते, म्हणून हेच समोरच्या लिंबाखाली किंवा कट्ट्यावर लांब बसायचे, मान खाली घालून, घरातलं माणूस घास खाईपर्यंत. खाल्लं की मोकळा डबा घेऊन उठायचे. त्या महिन्यात हे इतक्या दारांत झालं की मास्तर लिंबाखाली बसलेले दिसले की आख्ख्या गल्लीला कळायचं.

नामदेवकाका कराडच्या दवाखान्यात होते. त्यांची बायको सुमनकाकी घरात एकटी, ती पण तापानं उठलेली. मुलगा तिकडं केरळात गलाईला. काकांचा फोन चार्जरसकट घरीच राहिलेला. मास्तरांचा जुना ड्रायव्हर कराडात दवाखान्याच्या मागंच राहायचा. तो काय कळवेल तेवढीच खबर. आणि त्या आठवड्यात त्याचाही फोन लागेना झाला, तेव्हा मास्तर दुधाच्या गाडीत बसून स्वतःच कराडला गेले.

त्या सकाळी विट्याचा बाजार बंद, भाजीचा टेम्पो आला नाही. डाळ आदल्या दिवशी संपलेली. कोपऱ्यात दुकानदारानं दिलेलं अर्धं पोतं बेसन.

शालनमावशी म्हणाली, "चटणी-भाकरी देऊ. कांदा फोडून."

"आजारी माणसाला नुसती चटणी? ताकद कशानं येणार? पिठलं टाका."

"मास्तर न्हाई म्हणल्यात."

"मास्तर कराडला गेल्यात. आणि पिठल्यानं माणसं मरत असती तर आपण सगळी कवाच मेलो असतो, मावशी."

"मरत न्हाई गं. पर तुला बुकातलं वाचाय येतं तसं लोकास्नी डब्यातलं येतं."

मला राग आला. खरं सांगते, हसू पण आलं. मी तीन वर्षं रसायनशास्त्र शिकलेली, आणि ही मला पिठल्याचा अर्थ सांगणार. मी म्हटलं, "आमी जित्त्या माणसाचा विचार करायचा का मेलेल्याचा?" मोहरी-कढीपत्त्याची फोडणी मी स्वतः दिली. छान झालं होतं. मी चव घेऊन बघितली.

दुपार कलताना मास्तर दुधाच्या गाडीतनं उतरले. चेहरा उतरलेला, खाकी पाठीला चिकटलेली. पण डोळे हसत होते.

"नामदेव बसून जेवला. ऑक्सिजन कमी केलाय म्हणं. निरोप धाडलाय सुमनला." निरोप काय तो त्यांनी मला सांगितला. मी पुढं सांगते.

"मास्तर, डब्यास्नी उशीर झालाय. माणसं वाट बघत्यात."

त्यांनी पिशव्या उचलल्या. सवयीनं विचारलं, "आज काय हाय?"

पिठलं म्हटलं असतं तर ते डबे तिथंच राहिले असते. मला माहीत होतं.

मी म्हटलं, "कालवण."

एक शब्द. कालवण म्हणजे काहीही असतं.

ते आधी सुमनकाकीकडंच गेले, कारण निरोप तिचा होता. मी पलीकडच्या आळीला दुसरी पिशवी घेऊन निघाले होते, म्हणून मला सगळं दिसलं. त्यांनी डबा उंबऱ्याबाहेर ठेवला. टिक्-टिक् केलं. काकी बाहेर आली. मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना खोकल्याची ढास लागली. हात वर करून "थांब" असं खुणावलं आणि दम घ्यायला ते समोरच्या लिंबाखाली बसले. मान खाली घालून.

काकीनं त्यांच्याकडं बघितलं. मग डब्याचं झाकण काढलं.

तिनं काहीच विचारलं नाही. आत वळली आणि उंबऱ्यावर दोन्ही हात आपटले. काचेचा आवाज झाला. मग जी किंकाळी उठली ती मी कानातनं काढू शकलेले नाही. मास्तर उठून "अगं न्हाई, अगं जित्ता हाय, बरा हाय" म्हणत होते, पण त्यांचा आवाज फुटत नव्हता. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या राहून रडायला लागल्या. काकीचे दीर, बाळूतात्या, तोंडाला गमजा बांधून धावत आले आणि त्यांनी केरळात पोराला फोन लावला.

काका जिवंत आहेत हे तात्यांना पटायला अर्धा तास गेला. पोराचा फोन पुन्हा लागला तो दिवस मावळताना. तवर त्यानं तिथल्या नदीवर जाऊन डोकं भादरून घेतलेलं. बाप जिवंत असताना.

त्या संध्याकाळी मास्तर पोषण आहाराच्या खोलीत आले. भांड्याच्या तळाशी राहिलेलं पिवळं त्यांनी बघितलं.

"कालवण म्हणालीस," एवढंच बोलले. चिमटा वाजला नाही.

चौथ्या दिवशी नामदेवकाका गेले. खरोखरच गेले. डॉक्टर म्हणाले, रात्रीतनं बिघडलं, ह्या रोगात होतं असं. मला विज्ञान कळतं. बांगड्या फुटल्या म्हणून माणूस मरत नाही. पण गावाला ते कोण सांगणार, आणि कुठल्या तोंडानं?

शाळेच्या मैदानात माणसं लांब लांब उभी राहिली. बाळूतात्या मध्ये.

"त्या दिवशी पिठलं कुणी शिजवाय लावलं?"

आम्ही सहा बायका खोलीच्या दारात. शालनमावशीनं माझ्याकडं बघितलं नाही. बघायला हवं होतं, असं आता वाटतं. मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं.

"मी," मास्तर म्हणाले. "माजं चुकलं. बायास्नी मीच सांगितलं. त्येंनी इचारलंवतं, मी म्हणलं चालतंय."

"चालतंय? तुमीच नियम केला आणि तुमीच मोडला?"

"व्हय."

"आवं, वय झालं तर घरात बसावं की मास्तर. माणसाच्या जिवावर कशाला उठायचं?"

कुणीतरी मागनं म्हणालं की ह्यांच्या हातचा डबा आता नको आमच्या दारात. मास्तरांनी मान हलवली. एखाद्यानं सुट्टे नाहीत म्हणावं आणि ह्यांनी बरं म्हणावं, तशी.

मी त्यांच्या मागं गेले. सीटवर बसले होते. मी खिडकीकडं बसले.

"मास्तर, मी सांगते जाऊन. आत्ता जाते."

"बस खाली. काय सांगशील? शिजिवणाऱ्यांनी घोळ केला? मंग उद्या कोण घेईल तुमच्या हातचं? बावीस दारं हायती. मी वाटाय न्हाई आलो तर दुसरं कोण बी वाटंल. शिजवाय माणूस कुठनं आणायचा?"

"पण तुमचं नाव..."

"माजं काय, मी रिटायर हाय."

मग म्हणाले, "लाट वसरू दे. मंग सांग पायजे तर."

मी हे ऐकलं आणि मला बरं वाटलं. ह्या सगळ्यातली हीच गोष्ट लिहिताना माझा हात अडतो. बावीस दारांचं कारण खरं होतं, पण त्या कारणाच्या आड मी निवांत उभी राहिले. कॉलेजला जाणारी घरातली पहिली म्हणून गावानं माझा सत्कार केला होता, नारळ दिला होता. तो नारळ परत द्यावा लागेल ह्याची मला भीती वाटत होती.

डबे चालू राहिले. दुसरं कुणीतरी वाटायला लागलं. मास्तर त्या फेरीला रोज लांबनं बघायचे.

काकांच्या तिसऱ्या दिवसानंतर ते सुमनकाकीच्या दारात गेले. भर उन्हात. टिक्-टिक् केलं. ती बाहेर आली, त्यांना बघितलं आणि दार लावून घेतलं. ते तिथंच बसले, पायरीच्या खाली, सावली सोडून. तासभर तरी. पाण्याचा रांजण दाराशीच होता. पाव्हणा नाही, वैरी जरी उन्हातनं आला तरी आमच्यात पाणी विचारतात. तिनं विचारलं नाही. मी पलीकडच्या घरात डबा देत होते. मी पण गेले नाही.

दोन दिवसांनी मी त्यांच्या ओसरीवर गेले तर त्यांना बोलताना धाप लागत होती. म्हटलं, "मास्तर, विट्याची गाडी कराडला कशी जाती?"

हसले. म्हणाले, "माजीच परीक्षा घेती व्हय गं?" मग डोळे मिटून सुरू केलं. "विटा. कडेपूर." थांबले. "कडेगाव." पुढं काही आलं नाही. ओठ हलले, आवाज नाही.

घाटापर्यंतसुद्धा पोचले नाहीत ते.

कराडला न्यायला गाडी मी केली. जाताना त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. "तिथं कशाला पायजे. समदी निजलेली असत्यात." पाच दिवस दुधाच्या गाडीतनं, त्यांच्या ड्रायव्हरकरवी मी डबा पाठवला. पहिल्या दिवशी मोकळा डबा आला नाही, त्यात दवाखान्यातल्या गोळीचं रिकामं चंदेरी पाकीट होतं. दुसऱ्या दिवशी कापसाचा बोळा. तिसऱ्या दिवशी पाकिटातली एक बिस्किटाची कोर. चौथ्या दिवशी भाकरी-कालवण जसंच्या तसं भरलेलं परत आलं. पाचव्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला.

बाकीचं कराडातच झालं. गावात काही आलं नाही, राखसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी घरी पिठलं टाकलं. आईनं दोन भाकऱ्या थापून दिल्या. डबा भरला तेव्हा ध्यानात आलं, न्यायचा कुणाकडं? ज्यानं त्या उन्हाळ्यात मयताच्या एकेका दारात पिठलं पोचवलं, त्याचं स्वतःचं दार बंद होतं आणि आत रडायला कुणी नव्हतं. भंगारातली सीट ओसरीवर मोकळी.

मी सुमनकाकीकडं गेले. टिक्-टिक्.

आवाज ऐकून ती लगबगीनं आली आणि मला बघून थबकली. हातात बांगडी नाही.

"काय गं?"

"पिठलं हाय, काकी."

"कुणाचं?"

"मास्तरांचं."

तिचा चेहरा आवळला. "मंग मला कशाला? मी का त्येंची कोण लागती?"

"त्यांचं कुणीच लागत न्हाई. म्हणून आणलं."

मग मी पायरीखाली, ते बसले होते तिथंच बसले आणि सांगितलं. टेम्पो आला नाही तिथपासून. शालनमावशी काय म्हणाली ते. मी काय म्हटलं ते. "कालवण" म्हटलेलं. मैदानात ते पुढं झाले आणि मी मागं राहिले ते. काही झाकलं नाही. तिनं मधेच एकदा भिंतीला हात टेकला. शिव्या देईल, दगड उचलेल, मी तयारी ठेवली होती.

मग ती म्हणाली, "त्या दिशी ते कराडासनं निरोप घेऊन आलंवतं, म्हणालीस?"

"व्हय."

"काय निरोप?"

तो निरोप इतके दिवस माझ्याकडंच पडून होता. मास्तरांना कुणी बोलू दिलं नव्हतं, आणि मी बोलले नव्हते.

"काका म्हणालंवतं, म्हस तुला पान्हवायची न्हाई. माजा सदरा अंगात घाल आणि मंग धारंला बस. वासानं देती ती."

काकी गोठ्याकडं बघत राहिली. म्हैस तिथं उभी होती, पोट आत गेलेलं.

"आटली ती तवाच," काकी म्हणाली. "लय प्रयत्न केला गं. लाथच मारायची मला." मग म्हणाली, "सदरं समदं भावजीनं पेटवून दिलं. एक बी ठेवला न्हाई."

मी मान खाली घातली.

"तू तवाच सांगितलं असतंस तर," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मास्तरला पाणी तरी दिलं असतं मी."

ती आत गेली. मला वाटलं दार लागणार. ती तांब्या घेऊन आली, रांजणातनं भरला आणि माझ्यापुढं ठेवला. मग खाली बसली, डबा उघडला, भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली.

"खा. ह्ये एकटीनं खायाचं नसतं."

आम्ही खाल्लं. लिंबाखाली कुणी बसलेलं नव्हतं.

मी उठले तेव्हा काकीनं डबा हातात दिला. झाकण लावलेला, हलका. घरी येईस्तोवर मी तो दोनदा कानाशी धरून हलवून बघितला. आत काही नव्हतं.